खिडकीत अडकलेली होडी

डॉक्टरांनी सुचवलेली मालिका आजवर एकाही माणसाने नाकारली नव्हती, असं ते स्वतःच सांगायचे! इतक्या छातीठोकपणे बोलणारा माणूस शहाण्यांनी टाळावा हे खरं, पण डॉक्टरांना टाळणं अवघड होतं, कारण ते दातांचे डॉक्टर होते. खुर्ची मागे झुकलेली, गालात कापूस, डोळ्यांवर दिवा आणि ओठाला लटकलेली ती लाळ ओढणारी नळी, अशा अवस्थेतल्या माणसाला ते विचारायचे, "'तिसऱ्या मजल्यावरची होडी' पाहिलीत का?" माणूस म्हणायचा, "आं." डॉक्टर म्हणायचे, "नाही ना? मग पाहाच." झालं, आणखी एक जण तयार झाला, असं समजून ते समाधानाने दाढ कोरायला घ्यायचे.

मालिका विनोदी होती, एका कादंबरीवर बेतलेली होती आणि फार वर्षांपूर्वी टीव्हीवर जेमतेम सात आठवडे टिकली होती. नदी नाही, तलाव नाही, अशा गावातला एक कारकून भाड्याच्या घरात होडी बांधायला घेतो. ठोकाठोकीचा आवाज घरमालकाला कळू नये म्हणून त्याची बायको दिवसभर कापडाशिवायच शिवणयंत्र चालवत बसते. शेवटी होडी तयार होते, आणि दारातून निघत नाही. मग ती खिडकीतून काढायला जातात. सातव्या भागाच्या शेवटी होडी अर्धी आत आणि अर्धी बाहेर, कारकून तिच्यात बसलेला, खाली रस्त्यावर घरमालक वर बघत उभा, आणि इथेच मालिका बंद पडली. कुणी बघत नव्हतं म्हणे. तेव्हापासून ती होडी तिथेच आहे.

"लोक करंटे," असं म्हणून डॉक्टर हळहळायचे. मग पेशंटला चूळ भरायला सांगताना एक पुस्ती जोडायचे, "आणि कादंबरी तर याहून भारी आहे."

ही कादंबरी डॉक्टरांनी वाचलेली नव्हती. पहिल्यांदा ते वाक्य त्यांनी आपलं शोभेसाठी म्हटलं. पुढे ते इतक्या दाढांवर म्हटलं गेलं की आपण ती केव्हातरी वाचलीच असणार, असं त्यांना स्वतःलाही वाटू लागलं.

घरात मात्र एक तोंड असं होतं की ते उघडतच नव्हतं. ते त्यांच्या सासऱ्यांचं.

दवाखाना तळमजल्यावर आणि घर त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. सासूबाई गेल्यावर डॉक्टरांच्या बायकोने वडिलांना, म्हणजे अप्पांना, आपल्याकडे आणलं होतं. अप्पांचा धंदा घरसामान हलवायचा. लोकांची कपाटं, पलंग, तिजोऱ्या, एकदा तर एका बाईंचा अख्खा झोपाळा, अरुंद जिन्यांतून उतरवण्यात त्यांची सगळी हयात गेली होती. या कामात ओरडावंच लागतं, त्यामुळे घरात साधं मीठ मागितलं तरी शेजारचे दचकायचे. आणि आता हा माणूस "हो", "नको" आणि "असू दे" एवढ्यावर भागवत होता. खिडकीशी खुर्ची टाकून बसायचे. बाहेर बघायचे, पण बाहेरचं काही त्यांना दिसत असेल असं वाटायचं नाही.

डॉक्टरांनी त्यांच्यासाठी जीव ओतून कवळी बनवली. अशी कवळी त्यांनी कुणासाठी बनवली नव्हती. अप्पांनी ती एकदा लावली, काढली, पाण्याच्या वाटीत ठेवली आणि म्हणाले, "कुणाशी बोलायचंय?" तेव्हापासून कवळी वाटीत आणि अप्पा दुधात पाव बुडवून खाणारे. खाली दातांच्या डॉक्टरांची एवढी मोठी पाटी आणि वर खिडकीत बोळक्या तोंडाचा सासरा! येणारा-जाणारा पेशंट आधी पाटी वाचायचा, मग वर बघायचा, आणि डॉक्टर शरमेने अर्धे व्हायचे.

बायकोचं दुःख मात्र अब्रूचं नव्हतं. ती कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची, सहसा रडणारी नव्हती. पण एका संध्याकाळी ती वाटीतलं पाणी बदलताना म्हणाली, "आई गेली ती गेलीच. पण हे असे रोज थोडे थोडे चाललेत, ते मला बघवत नाही."  बायको दुःखी असली की काहीतरी करून दाखवल्याशिवाय डॉक्टरांना चैन पडत नसे, आणि त्यांना करता येण्यासारखं जगात एकच होतं.

"मी त्यांना होडी दाखवतो," ते म्हणाले. "सातही भाग आहेत माझ्याकडे. पोट धरून हसतील."

"अहो, ते तुमच्या खुर्चीत नाहीत," बायको म्हणाली. "त्यांना नको म्हणता येतं."

पण अप्पा नको म्हणाले नाहीत. "असू दे," म्हणाले.

पहिल्या भागात डॉक्टर एकटेच हसले. दुसऱ्या भागात ते प्रत्येक विनोदाच्या जरा आधीच हसायला लागले, म्हणजे अप्पांना तयारीला वेळ मिळावा. मध्येच थांबवून "आता बघा हं, आता तो घरमालक येतो," असं सांगून झालं. घरमालक आला, गेला. अप्पांचा चेहरा आपला नंबर येण्याची वाट बघणाऱ्या पेशंटसारखाच राहिला. बायको मधून मधून वडिलांकडे बघायची, मग नवऱ्याकडे, मग उठून आत जायची. डॉक्टरांनी आयुष्यात पहिल्यांदा ही मालिका समोरच्याचं तोंड रिकामं असताना पुढे केली होती, आणि हा अनुभव काही चांगला नव्हता.

सातव्या भागात होडी खिडकीत अडकली. नावं वर सरकू लागली. डॉक्टरांनी सुस्कारा टाकून टीव्ही बंद करायला हात पुढे केला, तेवढ्यात अप्पा म्हणाले, "पुढे?"

"पुढे नाही अप्पा. बंद पडली मालिका."

अप्पा खुर्चीतून उठून उभे राहिले. "बंद पडली म्हणजे? माल अडकलाय की."

अडकलेला माल तसाच टाकून घरी जाणारी माणसं अप्पांच्या लेखी अगदी शेवटच्या पायरीची. ते रागारागाने फेऱ्या मारू लागले. सकाळी चहाच्या वेळी त्यांनी डॉक्टरांना गाठलं आणि कित्येक महिन्यांनी पहिलं लांबलचक वाक्य बोलले. कादंबरी तुम्ही वाचली आहे असं तुम्हीच सांगता, तर तिच्यात ती होडी बाहेर कशी काढली, असं त्यांना विचारायचं होतं.

खरं सांगायची हीच वेळ होती. डॉक्टरांनी तोंड उघडलंही. पण गॅसपाशी बायको दुधाचं पातेलं हातात धरून थबकली होती आणि श्वास रोखून वडिलांकडे बघत होती.

"वाचलीय तर," डॉक्टर म्हणाले. "खिडकीची चौकट काढली त्यांनी."

अप्पांनी यावर भराभर काहीतरी सांगितलं, पण दातांविना शब्द नुसते वाऱ्यासारखे बाहेर पडत होते. डॉक्टरांनी दोनदा "काय?" म्हटलं. अप्पांनी तिसऱ्यांदा सांगून पाहिलं, वैतागले, तरातरा आत गेले, वाटीतून कवळी काढून लावली आणि परत आले.

"चौकट काढल्याने भिंत रुंद होत नाही, डॉक्टर," ते खणखणीत आवाजात म्हणाले. "कोण आहे तुमचा हा लेखक? जन्मात कधी स्टूल तरी हलवलंय का त्याने?"

सासऱ्याला हसवायला घेतलं होतं, तो भांडायला उठला! पण दात लागले होते. दूध उतू जाऊन गॅसवर पसरलं आणि बायकोने ते पुसलंसुद्धा नाही. डॉक्टर जिना उतरताना चक्क शीळ घालत होते.

तेव्हापासून डॉक्टरांना रोज एक नवी युक्ती लागायची. चौकट निकालात निघाल्यावर त्यांनी लेखकाच्या नावावर साबणाचं पाणी खपवलं. अप्पा म्हणाले, साबणाने अंगठी निघते, होडी नाही. मग लेखकाने म्हणे होडी आत ओढून घेतली. ती आत येत असती तर अडकली कशाला असती, असं अप्पांनी विचारलं आणि बोलता बोलता टोस्ट दुधात न बुडवताच कडाकड खाल्ला. डॉक्टरांची कल्पनाशक्ती दोन-चार दिवसांत आटली. म्हणून ते पेशंटना विचारू लागले. पण विचारलं की "आं"! तेव्हा नाइलाजाने त्यांनी खुर्चीतल्या पोस्टमनच्या गालातला कापूस काढला आणि हातातली हत्यारं खाली ठेवून उत्तराची वाट बघितली. पेशंट काय म्हणतो ते दवाखान्यात प्रथमच ऐकलं जात होतं. दाराशी बसणाऱ्या नर्सबाई हे बघायला आत येऊन उभ्या राहिल्या.

होडीचे दोन तुकडे करावेत, असं पोस्टमनचं मत पडलं. त्या दिवशी ते कादंबरीत गेलं आणि अप्पा इतके भडकले की थेट दवाखान्यात उतरले. गिऱ्हाइकाच्या मालाला ओरखडासुद्धा येऊ द्यायचा नाही हा या धंद्यातला पहिला नियम आहे, असं त्यांनी बाकावर बसलेल्या सगळ्या सुजलेल्या गालांना ऐकवलं. दुसऱ्या दिवशीही ते आले. मग रोजच यायला लागले. लोक दाढदुखी विसरून वाद घालू लागले. डॉक्टरांनी कादंबरीसाठी जुन्या पुस्तकांच्या दुकानदाराला निरोपावर निरोप धाडले, पण पुस्तक कधीच छापून संपलं होतं. शोधतो, एवढंच तो म्हणाला.

आणि मग एका दुपारी, बायको कॉलेजात गेलेली असताना, डॉक्टरांची जीभ घसरली.

जेवण झालं होतं. कादंबरीत होडी उभी करून, कोपऱ्यातून तिरपी काढली, असं डॉक्टर म्हणाले. निघत नाही, असं अप्पा म्हणाले. "निघते," डॉक्टर म्हणाले. "लिहिलंय तसं." आता लेखक हा माणूस डॉक्टरांनी इतके दिवस स्वतःच चालवला होता, त्यामुळे त्याचा अपमान त्यांना मनाला लागू लागला होता. अप्पांनी बैठकीतल्या, तिघे बसतील अशा सोफ्याकडे पाहिलं. मग खिडकीकडे पाहिलं. ती नव्या धर्तीची, गजांशिवायची रुंद खिडकी होती.

"हा घ्या," ते म्हणाले. "काढून दाखवा."

खाली पोस्टमन टाके काढून घ्यायला आला होता, त्याला वर बोलावलं. तिघांनी मिळून सोफा उभा केला, तिरपा केला, आणि तो सरसर अर्धा बाहेर गेला. डॉक्टरांच्या तोंडावर विजय पसरतो न पसरतो तोच कुठेतरी करकर वाजलं आणि सोफा थांबला. पुढे जाईना, मागे येईना. सोफ्याचा एक हात चौकटीच्या आत रुतला होता आणि दुसरा बाहेर, रस्त्याच्या वर लोंबकळत होता.

"बघा," अप्पा म्हणाले. "मी सांगत होतो."

त्यांना मनापासून समाधान झालं होतं. ते क्षणभर हात कमरेवर ठेवून उभे राहिले. मग त्यांच्याही लक्षात आलं की हा टीव्हीतला माल नाही.

खाली गर्दी जमायला वेळ लागला नाही. दातांच्या डॉक्टरांच्या पाटीवर सोफा लोंबकळतोय म्हटल्यावर कोण थांबणार नाही? जो तो वर बघून सल्ले देऊ लागला. इकडे घ्या, तिकडे घ्या, ओढा, ढकला. अप्पांनी आपल्या ट्रंकेतून जुना जाड दोर आणला. सोफ्याचे पाय काढवले, त्याला दोर असा बांधला की बघत राहावं, मागची टोकं आतल्या लोखंडी पलंगाला वेढे देऊन डॉक्टरांच्या आणि पोस्टमनच्या हातांत दिली. आत येणार नसेल तर बाहेरूनच खाली उतरवायचा, दुसरा मार्ग नाही. अप्पांचा आवाज असा लागला होता की तळमजल्यावर नर्सबाईंनी कान झाकले. एक हिसका, आणि सोफा चौकटीतून सुटून बाहेर तरंगला. सगळा भार दोरावर आला. डॉक्टरांच्या तळव्यांची सालं निघायला लागली.

"अप्पा, सोडू का?" त्यांनी विचारलं.

 अप्पा खिडकीतून वाकून खाली बघत होते. रस्त्यावर इतकी माणसं ओरडत होती, पण अप्पा त्या गर्दीत कुणाला तरी शोधत असल्यासारखे दिसत होते.

"अप्पा?"

"वरून भिंत दिसत नाही," अप्पा म्हणाले. आवाज एकदम खाली आला होता. "पाटी दिसत नाही, तारा दिसत नाहीत. खाली माणूस लागतं. ती उभी राहायची."

"कोण?"

"तुमच्या सासूबाई. इतकी वर्षं प्रत्येक कामाला तीच खाली. अख्खी गल्ली ओरडली तरी मी तिचंच ऐकायचो." त्यांनी खिडकीच्या कडेवरचा हात काढून घेतला. "आता नाही व्हायचं, डॉक्टर. असू दे."

 डॉक्टरांच्या हातात दोर होता, टोकाला सोफा होता, आणि अप्पा मागे सरकून पुन्हा आपल्या खुर्चीकडे बघत होते. गेले कित्येक दिवस डॉक्टर होडीच्या थापा मारत होते, पण या घरात खरं काय अडकलंय हे त्यांना आज कळत होतं. आणि दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्यांना सासऱ्यांच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवता येत नव्हता.

तेवढ्यात खालून एक आवाज आला. कॉलेजात शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, डॉक्टरांच्या चांगल्याच ओळखीचा आवाज.

"अप्पा, डावीकडे घ्या. हातभर."

बायको घरी आली होती. आपला सोफा आकाशात का आहे, हे तिने कुणालाही विचारलं नाही. पर्स खांद्यावर तशीच ठेवून ती रस्त्याच्या मधोमध, जिथून भिंत, पाटी आणि तारा तिन्ही दिसतात अशा जागी जाऊन उभी राहिली होती. लहानपणी सुटीच्या दिवशी ती आईचा पदर धरून अशाच रस्त्यांवर उभी राहिलेली होती, हे तिने डॉक्टरांना त्या रात्री सांगितलं.

अप्पा परत खिडकीशी गेले. त्यांनी खाली बघितलं.  पोस्टमनच्या कपाळावरून घाम टपकत होता.

"माझ्या डावीकडे की तुझ्या?" अप्पांनी ओरडून विचारलं.

"तुमच्या!"

"मग तसं सांगावं आधी," अप्पा म्हणाले आणि डॉक्टरांकडे वळून गरजले, "सोडा! हळू! झोपलात काय!"

त्यानंतर रस्ता गप्प झाला. ती खालून सांगत होती, अप्पा वरून सांगत होते, दोर हळूहळू सरकत होता. पाटीला धक्का लागला नाही, तारांना लागला नाही. सोफा रस्त्यावर टेकला तेव्हा त्याच्यावर ओरखडासुद्धा नव्हता. बायकोने दोराची गाठ सोडली आणि भर रस्त्यात त्या सोफ्यावर बसून ती एकाच वेळी हसायला आणि रडायला लागली. अप्पा वरून तिला बघत होते. त्यांनाही हसू फुटलं, आणि ते झाकायला त्यांनी तोंडावर हात नेला नाही. सगळे दात दिसत होते. डॉक्टरांनी बनवलेले होते, डॉक्टरांना ते फारच सुंदर वाटले.

मग तो सोफा जिन्याने वर न्यायचा राहिला होता. त्याबद्दल डॉक्टर अजूनही कुणाशी बोलत नाहीत.

पुढे काही दिवसांनी दुकानदाराने निरोप पाठवला की कादंबरी मिळाली. डॉक्टरांनी ती दवाखान्यात दिवसभर, पेशंटांच्या मधल्या मोकळ्या वेळांत, दार लावून वाचून काढली. शेवटचं पान संपल्यावर त्यांनी पुन्हा पहिल्यापासून चाळली. मग जिना चढून घरी आले आणि चोरासारखे अप्पांसमोर बसले. बायको पलीकडे सोफ्यावर पेपर तपासत होती.

"अप्पा," ते म्हणाले, "मी ती कादंबरी वाचलेली नव्हती. आज वाचली."

"बरं," अप्पा शेंगदाणे खात म्हणाले. "कशी काढली होडी?"

"कादंबरीत होडीच नाही."

अप्पांचा हात थांबला. "नाही?"

"ती टीव्हीवाल्यांनी घातली. कादंबरीतला कारकून तिसऱ्या मजल्यावर मधमाश्या पाळतो. आणि शेवटी त्याला घर सोडून जावं लागतं." डॉक्टरांनी मान खाली घातली. इतके दिवस ज्या लेखकाला ते पाठीशी घालत होते, त्याने त्यांना असं उघड्यावर टाकलं होतं!

 अप्पांनी दोन शेंगदाणे सावकाश चावले. डॉक्टर बोलणी खायला तयार होऊन बसले होते.

"किती पेट्या?" अप्पांनी विचारलं.

"कसल्या?"

"मधमाश्यांच्या. आणि जिना कसा आहे, सरळ की वळणाचा? माश्या आत असतानाच न्यायच्या म्हणजे पेटी तिरपी करून चालणार नाही." ते उठले. त्यांनी बैठकीतल्या छोट्या कपाटाकडे पाहिलं, दोन्ही हातांनी त्याची रुंदी घेतली, आणि मग खिडकीकडे पाहिलं.

डॉक्टर घाईघाईने उठून खिडकी लावायला गेले. पण बायकोने पेपर बाजूला ठेवले होते आणि ती पायात चपला सरकवत होती.

"अप्पा," ती म्हणाली, "मी खाली जाऊन उभी राहू का?"